कोलंबियन कॉफी पारखायला शिकणाऱ्यांसाठी

कपिंग (कपात कॉफी चाखून पारखणं) शिकायला आलेली मुलं हमखास विचारतात, "ताई, सुप्रीमो म्हणजे कोलंबियाची सगळ्यात चांगली कॉफी ना?" माझं उत्तर एकच: सुप्रीमो म्हणजे मोठी बी. १७ नंबरच्या चाळणीवर (भोकाचा व्यास १७/६४ इंच) अडते ती सुप्रीमो, त्याखालच्या चाळण्यांवर उरते ती एक्सेल्सो. दोन्ही एकाच झाडाच्या असू शकतात. बिया एकसारख्या असल्या की भाजणी सारखी होते, हा फायदा खरा. चवीची हमी मात्र त्यात नाही.

म्हणून आधी कच्च्या, हिरव्या बिया निवडायला बसा. ३५० ग्रॅम नमुना काळ्या कागदावर पसरायचा आणि काळ्या, आंबलेल्या, किडक्या, फुटक्या बिया वेगळ्या काढायच्या. अनेक वर्षं रूढ असलेल्या स्पेशालिटी (उच्च दर्जाच्या कॉफीच्या) निकषात पूर्ण काळी किंवा पूर्ण आंबलेली एक बीही चालत नाही. आंबलेली ओळखायला नजर तयार व्हावी लागते. रंग पिवळट ते तांबूस तपकिरी असतो आणि बी फोडली की शिरक्यासारखा वास येतो. फळ तोडल्यावर गर काढायला उशीर झाला किंवा टाकीत बिया जास्त वेळ आंबल्या, की हे होतं. कोलंबियातले बरेच लहान शेतकरी तोडणी, धुणं, वाळवणं घरच्या घरी करतात, त्यामुळे नमुन्यात त्या घरची शिस्त दिसते. मला या कामातलं हेच सगळ्यात आवडतं.

मग कप. ८.२५ ग्रॅम पूड, १५० मिलिलिटर पाणी, तापमान ९३ अंशांच्या आसपास. चार मिनिटांनी वरचा थर चमच्यानं मोडायचा आणि वास घ्यायचा. गरम असतानाच गुण देऊन मोकळे होऊ नका. कोलंबियातल्या, विषुववृत्ताजवळच्या नारिन्यो प्रांतात काही ठिकाणी २,००० मीटरवरही कॉफी होते. तिथल्या थंडीत फळ सावकाश पिकतं. अशा चांगल्या कॉफीचा स्वच्छ आंबटपणा आणि गुळचट गोडवा कप कोमट झाल्यावरच नीट कळतो. जुना माल असेल तर तेव्हाच गोणपाटाची चव पुढे येते.

जिभेच्या सरावासाठी लिंबू आणि हिरवं सफरचंद शेजारी ठेवून चाखा. दोन्ही आंबटच, पण सायट्रिक आणि मॅलिक आम्लांतला फरक तिथेच समजतो. रीतसर शिकायचं असेल, तर भारतीय कॉफी बोर्डाचा कॉफी गुणवत्ता व्यवस्थापनाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. अर्जाआधी पात्रतेच्या अटी नीट वाचा.