वायरलेस प्रेशर सेन्सर: डब्यातून काढल्यापासून बॉइलच्या ग्राफपर्यंत

शाळेच्या लॅबमध्ये किंवा सायन्स एक्झिबिशनसाठी वायरलेस प्रेशर सेन्सर आणलाय आणि आता याचं करायचं काय असं झालं असेल तर हे वाचा. व्हर्नियर, पास्को वगैरे कंपन्यांचे ब्लूटूथवाले सेन्सर मिळतात, दोन्हींची रेंज ० ते ४०० किलोपास्कल, वापरायची पद्धत पण जवळपास तीच. रीडिंग विचित्र आलं की सगळे आधी सेन्सरवर खापर फोडतात, पण बिचारा सेन्सर बहुतेक वेळा बरोबरच असतो, घोळ असतो तो नळीत, जोडात नाहीतर कोणीतरी दाबलेल्या झिरोच्या बटणात.

आधी फुल चार्ज करा. मग अ‍ॅप टाका, व्हर्नियरला ग्राफिकल अ‍ॅनालिसिस, पास्कोला स्पार्कव्ह्यू. आता महत्त्वाचं, फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन पेअर करत बसू नका, तिथे शेजाऱ्यांचे टीव्ही आणि स्पीकरच जास्त दिसतात, अ‍ॅप उघडा आणि अ‍ॅपच्या आतूनच कनेक्ट करा. सेन्सर दिसतच नसेल तर परमिशन बघा. अँड्रॉइड ११ आणि त्याआधीच्या फोनवर लोकेशन चालू करावं लागतं (प्रेशरचा आणि लोकेशनचा काय संबंध असं मुलं विचारतात, पण जुन्या अँड्रॉइडवर ब्लूटूथ स्कॅन असाच चालतो), १२ पासून पुढे नियरबाय डिव्हाइसेसची परमिशन लागते. वर्गात चार-पाच सेन्सर एकदम चालू असतील तर प्रत्येकावर छापलेला नंबर बघूनच जोडा, नाहीतर सिरिंज दाबणार हा ग्रुप आणि ग्राफ हलणार मागच्या बाकावर. एक सेन्सर एका वेळी एकाच फोनला जोडला जातो, म्हणजे आधीच्या बॅचने डिस्कनेक्ट केलं नसेल तर तुम्हाला तो सापडणारच नाही.

कनेक्ट झाला की नळी न लावता नुसतं रीडिंग बघा. ठाणे, नवी मुंबई समुद्रसपाटीलाच असल्यासारखं आहे, त्यामुळे साधारण १०० ते १०१ किलोपास्कल यायला पाहिजे, पावसाळ्यात १०० च्या आसपास, डिसेंबर-जानेवारीत १०१ च्या वर. हवामानाच्या अ‍ॅपमध्ये हेक्टोपास्कल देतात, त्याला १० ने भागा आणि ताडून बघा. पुण्याच्या मित्राच्या सेन्सरवर ९५ च्या आसपास आलं तर त्याचा सेन्सर बिघडलेला नाहीये, पुणं साडेपाचशे मीटरवर आहे म्हणून तसं येतं. आणि हे १०० बघून झिरो करायचा मोह आवरा! हा सेन्सर अ‍ॅब्सोल्यूट प्रेशर मोजतो, म्हणजे निर्वातापासून मोजलेला दाब, आणि बॉइलच्या नियमाला (तापमान तेच असेल तर बंदिस्त हवेचा दाब गुणिले आकारमान कायम तेवढंच राहतं) तोच लागतो. बाहेरच्या हवेला शून्य म्हणून टाकलंत तर दाब गुणिले आकारमान कशालाच जुळणार नाही, आणि मग तासभर सिरिंज बदलत बसाल.

आता लीक टेस्ट. ही कोणी करत नाही आणि सगळा प्रयोग तिथेच फुकट जातो. सिरिंज २० मिलीवर ठेवून सेन्सरला लावा, ल्युअर लॉक (फिरवून बसवायचा जोड) असेल तर हलक्या हाताने अर्धा वळसा पुरतो, जोर लावून पिळलं की प्लास्टिकचे आटे जातात. केमिस्टकडची २० मिलीची सिरिंज पण चालते, फक्त लॉकवाली मागा, नुसती खुपसायची असते ती दाब वाढला की सटकते. दट्ट्या १० पर्यंत दाबून धरा आणि ग्राफ बघत राहा. सुरुवातीला रीडिंग थोडं खाली येईल, घाबरू नका, हवा पटकन दाबली की गरम होते आणि मग काही सेकंदांत थंड होऊन दाब उतरतो. हे उतरणं थांबून रेष आडवी झाली तर जोड पक्का आहे, रेष थांबायचं नावच घेत नसेल तर लीक आहे. मुलांना दोन्हीतला फरक एकदा दाखवाच, मला तर बॉइलच्या ग्राफपेक्षा हाच भाग जास्त मजेशीर वाटतो.

बॉइल साहेबांनी हा नियम १६६२ मध्ये छापला, आपण तो दहा मिनिटांत काढायचा. अ‍ॅपमध्ये वेळेवर आधारित मोड बंद करून प्रत्येक रीडिंगला आकडा हाताने टाकायचा मोड घ्या. २०, १७, १५, १२, १०, ८ असं करत जा, प्रत्येक वेळी दट्ट्या स्थिर धरून रीडिंग थांबलं की मगच कीप (रीडिंग नोंदवायचं बटण) दाबा. ५ च्या खाली जाऊ नका, २० चे ४ केले की दाब चौपटीच्या वर म्हणजे ४३० च्या आसपास जातो आणि सेन्सरची हद्द ४०० आहे. 

इथे सगळ्यांची फसगत होते ती एका गोष्टीने. हवा फक्त सिरिंजमध्ये नसते, सेन्सरच्या तोंडात आणि नळीत पण असते. व्हर्नियरवाले सिरिंज थेट सेन्सरला लावल्यावर ०.८ मिली मिळवायला सांगतात, तुम्ही मध्ये नळी लावली तर तिचं वेगळं धरा, ३ मिलीमीटर आतल्या व्यासाची १० सेंटीमीटर नळी म्हणजे आणखी ०.७ मिली. एवढ्याने काय होतंय असं वाटेल, तर हिशोब बघा: २० वर १०० किलोपास्कल असेल तर १० वर साधारण १९३ येतं आणि ५ वर ३५९. नुसत्या सिरिंजच्या आकड्याने गुणलं तर २०००, १९३०, १७९५ असं घसरत जातं आणि मुलं म्हणतात सर नियम चुकीचा आहे. तेच ०.८ मिळवून गुणा, तिन्ही वेळा २०८० च्या आसपास. मग दाब विरुद्ध १ भागिले आकारमान असा ग्राफ काढा, रेष सरळ आली की काम झालं.

दुसरा प्रयोग तापमानाचा, काचेचा फ्लास्क, रबरी बूच, त्यातून नळी सेन्सरला, फ्लास्क गरम पाण्यात. २५ अंशाला १०० असेल तर ७५ अंशाला ११७ च्या आसपास यायला हवं, आणि दाब विरुद्ध तापमान ग्राफची रेष मागे ओढत नेली की उणे २७३ च्या जवळ शून्याला टेकते. फ्लास्क आतून खडखडीत कोरडा पाहिजे, हेच यातलं सगळ्यात मोठं पथ्य. धुऊन तसाच घेतला आणि आत थेंब राहिले तर ७५ अंशाला पाण्याची वाफ एकटीच ३८-३९ किलोपास्कल देते, रीडिंग दीडशेच्या वर जातं आणि बूच उडतं ते वेगळंच. पावसाळ्यात आपल्याकडे काहीच सुकत नाही, तेव्हा हेअर ड्रायर मारा. चष्मा लावा, बुचाच्या समोर तोंड नको.

पाण्याच्या खोलीचा प्रयोग करायचा असेल तर नळीचं टोक बादलीत, सेन्सर कायम पाण्याच्या वर, हे ब्लूटूथचं यंत्र आहे, पाणबुडी नाही. १० सेंटीमीटरला साधारण १ किलोपास्कल वाढतं. खोली मोजताना नळीच्या टोकापर्यंत मोजू नका, नळीत थोडं पाणी वर चढतं, त्या पातळीपर्यंत मोजा. बूच लावलेल्या फ्लास्कमध्ये बटाट्याचा कीस आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा प्रयोग पण छान होतो (ऑक्सिजन सुटतो आणि दाब चढत जातो), सेकंदाला एक-दोन रीडिंग पुरतात, पेरॉक्साइड केमिस्टकडचं ३ टक्केवालंच घ्या आणि दाब दीडशेला पोचला की बूच काढा.

ठाण्यात घोडबंदर रोडला टॉवरमध्ये राहणारी मुलं हमखास विचारतात की लिफ्टमध्ये नेला तर? न्या की. मीटरला साधारण १२ पास्कल कमी होतो, २५ मजले म्हणजे ७५ मीटर धरले तर जेमतेम ०.९ किलोपास्कल. ४०० पर्यंत मोजणाऱ्या सेन्सरला हे फार बारीक आहे, ग्राफ थरथरत पायऱ्या-पायऱ्यांनी उतरेल, पण उतरताना दिसेल. झकास ग्राफ हवा असेल तर त्यापेक्षा बॅरोमीटर असलेला फोन आणि फायफॉक्स अ‍ॅप घ्या, त्यात मजला न मजला कळतो. येऊरच्या डोंगरावर चढून जाताना सुद्धा तेच वापरा.

ठेवताना सेन्सर कोरडा, तोंडात पाणी गेलेलं नसावं, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. मे महिन्याच्या सुट्टीत पूर्ण उतरलेल्या बॅटरीने ठेवू नका, अर्धी चार्ज करून ठेवा, नाहीतर जूनमध्ये तो चालूच व्हायचा नाही.