नावापुढची अक्षरं आणि आपले पैसे: विश्लेषक निवडताना या चुका टाळा

मध्यंतरी एका परिचितांनी मला त्यांच्या नव्या सल्लागाराचं व्हिजिटिंग कार्ड दाखवलं. नावापुढे एमबीए, त्यापुढे सीएफए आणि त्याला चिकटून बारीक टायपात ‘लेव्हल २’. ‘एवढा शिकलेला माणूस आहे, आता आणखी काय बघायचं?’ असं त्यांचं म्हणणं. बघण्यासारखं जे होतं ते त्या बारीक टायपातच होतं.

‘सीएफए लेव्हल २’ नावाचं कोणतंही बिरुद नाही. सीएफए म्हणजे चार्टर्ड फायनान्शियल अ‍ॅनालिस्ट, आणि ते बिरुद म्हणजे सीएफए इन्स्टिट्यूटचा चार्टर मिळवायचा तर परीक्षेच्या तिन्ही पातळ्या पार कराव्या लागतात. शिवाय गुंतवणुकीच्या निर्णयांशी संबंधित कामाचा किमान ४,००० तासांचा अनुभव लागतो, तोही कमीत कमी ३६ महिन्यांचा. मग संस्थेचं सदस्यत्व. ते टिकवायला दरवर्षी वर्गणी भरायची आणि आपल्या व्यावसायिक वर्तनाबद्दल लेखी निवेदन द्यायचं. यातलं काही राहिलं तर ती तीन अक्षरं नावापुढे लावता येत नाहीत.

दोन पातळ्या पास झालेल्याने बायोडेटात ‘दुसरी पातळी उत्तीर्ण’ असं लिहायला हरकत नाही, कारण ते खरं आहे. पण नावाला जोडून अर्धं बिरुद लावायला किंवा ‘सीएफए, पुढच्या वर्षी अपेक्षित’ असं छापायला संस्थेची आचारसंहिता मनाई करते. म्हणजे जी आचारसंहिता अभ्यासल्याचं ते कार्ड सांगत होतं, तिचाच नियम त्यावर मोडलेला होता. यामागे बहुतेक वेळा लबाडी नसते, उत्साह असतो, हे मान्य. तरी पैसे सोपवण्याआधी मी त्या माणसाला याबद्दल विचारलं असतं.

अक्षरं मोजायची, वाचायची नाहीत

नावापुढे जितकी जास्त अक्षरं तितका माणूस भारी, हा हिशेब सर्रास केला जातो. प्रत्येक अक्षरसमूहामागे वेगळं काम आहे. सीएफएचा भर कंपन्यांचे ताळेबंद वाचणं, शेअर आणि रोख्यांचं मूल्यांकन आणि पोर्टफोलिओ व्यवस्थापन यांवर असतो. एफआरएम जोखमीचं मोजमाप शिकवतं आणि त्याचे जाणकार प्रामुख्याने बँका आणि फंडांच्या आतल्या जोखीम विभागांत दिसतात. सीएआयए म्हणजे हेज फंड, प्रायव्हेट इक्विटी, स्थावर मालमत्ता अशा पर्यायी गुंतवणुकींचा अभ्यास. सीएमटीवाले किमतींच्या आलेखांवरून अंदाज बांधतात, कंपनीच्या हिशेबात ते फारसे शिरत नाहीत. आणि सीएफपी हा घरच्या आर्थिक नियोजनाचा माणूस: निवृत्ती, विमा, कर, वारसा.

निवृत्तीनंतर दरमहा किती काढता येतील हे विचारायला रोख्यांच्या विश्लेषकाकडे गेलात तर तो हुशार उत्तर देईल, पण ते तुमच्या प्रश्नाचं असेलच असं नाही. हाडांच्या डॉक्टरला डोळे दाखवायला जाण्यासारखंच हे. डॉक्टर खराच असतो, दार आपण चुकीचं ठोठावलेलं असतं.

शिवाय सगळी अक्षरं सारख्या कष्टाची नसतात. काही बिरुदं आठवड्याच्या शेवटी दोन दिवसांच्या वर्गात मिळतात, काही नुसते पैसे भरून. अमेरिकेत एका आर्थिक सल्लागाराने गंमत म्हणून आपल्या कुत्र्याच्या नावाने अर्ज केला, शुल्क भरलं आणि त्या कुत्र्याला देशातल्या अव्वल आर्थिक नियोजकांपैकी एक असल्याचा फलक घरपोच आला. म्हणून अनोळखी बिरुद दिसलं की तीन गोष्टी शोधायच्या: परीक्षा कोण घेतं, अनुभवाची अट आहे का, आणि वाईट वागणाऱ्याचं बिरुद काढून घेतल्याची एक तरी नोंद त्या संस्थेकडे आहे का. माझ्या दृष्टीने तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ज्या संस्थेने आजवर कुणालाच बाहेर काढलं नाही, तिच्या प्रमाणपत्राला मी फार किंमत देत नाही.

पात्रता आणि परवाना एकच समजणं

सीएफए, सीएफपी, एफआरएम ही व्यावसायिक संस्थांनी दिलेली बिरुदं आहेत. सल्ला देऊन पैसे घेण्याचा कायदेशीर अधिकार देतो तो त्या त्या देशाचा नियामक: अमेरिकेत एसईसी किंवा राज्य पातळीवरचे नियामक, ब्रिटनमध्ये एफसीए, भारतात सेबी. चार्टर आहे पण नोंदणी नाही, असा माणूस कितीही विद्वान असला तरी तुम्हाला व्यक्तिगत सल्ला विकू शकेलच असं नाही. उलट नोंदणी आहे म्हणून त्याला विषय खोलवर कळतो, असंही नाही. दोन्ही वेगवेगळं तपासावं लागतं.

आणि दोन्ही असूनही एक प्रश्न उरतोच: पैसे प्रत्यक्षात कुणाकडे आहेत आणि ते कोण तपासतं? नव्या गुंतवणूकदारांच्या पैशांतून जुन्यांना परतावा देत अब्जावधींची फसवणूक करणारे अमेरिकेतले बर्नार्ड मॅडॉफ यांचं प्रकरण त्यासाठी तपशिलात बघण्यासारखं आहे. हा माणूस नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजाराचा अध्यक्ष राहिलेला होता. २००६ मध्ये त्याने एसईसीकडे गुंतवणूक सल्लागार म्हणून नोंदणीही केली. त्याचे हिशेब तपासणारा लेखापाल परवानाधारक होता, पण त्याची फर्म तीन माणसांची, आणि त्याने आपल्या व्यावसायिक संस्थेला आपण ऑडिटची कामं करत नाही असं कळवलं होतं. त्यामुळे त्याच्या कामाची तपासणी इतर लेखापालांकडून कधी झालीच नाही. ग्राहकांची मालमत्ता स्वतंत्र कस्टोडियनकडे (म्हणजे ती सांभाळणाऱ्या त्रयस्थ संस्थेकडे) नव्हती, ती मॅडॉफच्याच कंपनीकडे असल्याचं दाखवलं जात होतं. स्टेटमेंट छापणारा, शेअर सांभाळणारा आणि सौदे करणारा एकच. डिसेंबर २००८ मध्ये डोलारा कोसळला तेव्हा स्टेटमेंटांवर सुमारे ६५ अब्ज डॉलर दिसत होते.

याच गोष्टीची दुसरी बाजू लोकांच्या तितकी लक्षात राहत नाही. हॅरी मार्कोपोलोस हे बॉस्टनमधले विश्लेषक, स्वतः सीएफए चार्टरधारक. मॅडॉफसारखा परतावा आपणही देऊ शकतो का हे बघायला त्यांच्या कंपनीने सांगितलं. त्यांनी गणित मांडलं आणि काही तासांतच त्यांना कळलं की हे शक्य नाही. मॅडॉफ जी पद्धत वापरतो म्हणायचा ती चालवायला जेवढे ऑप्शन (ठरल्या किमतीला खरेदी-विक्रीचा हक्क देणारे करार) लागले असते, तेवढे बाजारात उपलब्धच नव्हते. परताव्याचा आलेखही बाजाराच्या चढउतारांना न जुमानता जवळपास सरळ रेषेत वर जात होता. २००० पासून त्यांनी एसईसीला पुन्हा पुन्हा लेखी कळवलं, पण उपयोग झाला नाही. विश्लेषकाचं शिक्षण गुंतवणूकदाराच्या कामी कसं येतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही: पुढचा शेअर कोणता चढेल हे सांगण्यापेक्षा, समोरचा आकडा जुळत नाही हे सांगण्यात.

परीक्षा कठीण, म्हणजे परतावा जास्त

जुलै २०२१ मध्ये सीएफएच्या पहिल्या पातळीचा निकाल २२ टक्के लागला होता. असा आकडा ऐकला की वाटतं, एवढ्या चाळणीतून आलेला माणूस बाजाराला हरवणारच. परीक्षा अभ्यास मोजते. बाजार चालवणाऱ्या घटना अभ्यासक्रमात नसतात. बिरुदामुळे आपण जास्त परतावा देतो असा दावा करायला तर आचारसंहिताच मनाई करते. तसा दावा करणारा भेटला तर संभाषण तिथेच संपवा.

परताव्याचे आकडे समोर ठेवले गेले तर ‘हे जीआयपीएस मानकांनुसार आहेत का?’ असं विचारा. जीआयपीएस म्हणजे परताव्याचे आकडे कसे मांडायचे याची जागतिक मानकं. या मानकांत कंपनीला एकाच धोरणाची, शुल्क देणारी सगळी खाती एकत्र दाखवावी लागतात, त्यामुळे चांगली चाललेली दोन खाती निवडून पुढे करता येत नाहीत. ही मानकं कंपनीला लागू होतात. ‘मी स्वतः जीआयपीएस प्रमाणित आहे’ असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे.

पगार कोण देतं हे न विचारणं

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अहवाल लिहिणारा विश्लेषक ब्रोकरेज किंवा गुंतवणूक बँकेत असेल तर त्याची कंपनी कदाचित त्याच कंपन्यांचे शेअर विकून कमावत असते, ज्यांच्याबद्दल तो लिहितो. इंटरनेट कंपन्यांच्या शेअरांना उधाण आलेल्या डॉटकॉमच्या दिवसांत वॉल स्ट्रीटवरचे नामांकित विश्लेषक हेन्री ब्लॉजेट यांचे जाहीर अहवाल काही इंटरनेट शेअरांबद्दल उत्साही होते, तर खासगी ईमेलमध्ये त्यांनी त्याच शेअरांची संभावना कचरा अशी केली होती. अशाच हितसंबंधांच्या आरोपांवरून २००३ मध्ये वॉल स्ट्रीटवरच्या दहा कंपन्यांनी नियामकांशी सुमारे १.४ अब्ज डॉलरची तडजोड केली. ब्लॉजेट आणि त्यांच्यासारखेच दुसरे नामांकित विश्लेषक जॅक ग्रुबमन या दोघांना शेअर-रोख्यांच्या व्यवसायातून कायमचं बाहेर काढण्यात आलं.

त्यानंतर अहवालांच्या शेवटी प्रकटीकरणाची पानं लांबलचक झाली, आणि ती कुणी वाचत नाही. अहवाल हातात आला की मी उलटा वाचतो. आधी शेवटचं पान: विश्लेषकाकडे हा शेअर आहे का, त्याच्या कंपनीने गेल्या वर्षभरात या कंपनीकडून शुल्क घेतलं आहे का. मग रेटिंगची विभागणी: एकूण किती शेअरांना ‘खरेदी’, किती ‘ठेवा’, किती ‘विक्री’. ‘विक्री’ जवळपास नसेलच तर ‘ठेवा’ या शब्दाचा अर्थ काय घ्यायचा हे तुमचं तुम्ही ठरवा. लक्ष्य किमतीकडे, म्हणजे शेअर कुठवर जाईल या अंदाजाकडे, त्यानंतर.

बिरुदाचा उपयोगच करून न घेणं

१९४० च्या दशकात अमेरिकेतले ख्यातनाम गुंतवणूकदार आणि लेखक बेंजामिन ग्रॅहम यांनी विश्लेषकांची परीक्षा घ्यावी असा आग्रह धरला, तेव्हा कुणीही उठून स्वतःला विश्लेषक म्हणवू शकत होतं. पहिली सीएफए परीक्षा १९६३ मध्ये झाली, २८४ जण बसले. तेव्हापासून बिरुदाबरोबर बंधनंही येतात, आणि गुंतवणूकदाराच्या हातात पडतात ती ही बंधनं. चार्टरधारकाने शिफारशीला वाजवी आधार दिला पाहिजे, माहिती आणि मत वेगळं ठेवलं पाहिजे, हितसंबंध उघड केले पाहिजेत, आणि ग्राहकाचा सौदा स्वतःच्या सौद्याआधी केला पाहिजे. मग विचारा ना: ‘यातलं तुम्हाला ठाऊक असलेलं किती आणि तुमचा अंदाज किती?’ ‘हा शेअर माझ्या गरजेला का योग्य आहे, लिहून द्याल?’ नियम पाळणाऱ्याला हे प्रश्न खटकत नाहीत.

नाव सापडलं नाही तर

सीएफए इन्स्टिट्यूट, एफआरएम देणारी गार्प आणि सीएफपी देणाऱ्या संस्था सदस्यांची नावं ऑनलाइन तपासू देतात. शोधल्यावर नाव आलं नाही तर लगेच ठग ठरवू नका. लग्नानंतर बदललेलं आडनाव, मधलं नाव, स्पेलिंगमधला फरक ही नेहमीची कारणं. चार्टरवर छापलेलं नेमकं नाव त्या व्यक्तीलाच विचारा आणि पुन्हा शोधा. वर्गणी थकल्यामुळे सदस्यत्व खंडित झालेलं असू शकतं. त्या काळात ज्ञान जात नाही, पण अक्षरं वापरण्याचा हक्क जातो. विचारल्यावर टाळाटाळ झाली तर संस्थेला ईमेल करून पडताळणी मागता येते.

तक्रारीची वेळ आली तर कोणत्या दारी काय मिळतं हे आधी समजून घ्या. बिरुद देणारी संस्था ताकीद देईल, बिरुद निलंबित करेल किंवा काढून घेईल. तुमचे बुडालेले पैसे ती परत मिळवून देत नाही. त्यासाठी नियामक, आर्थिक तक्रारींचा लोकपाल किंवा न्यायालय, तुमच्या देशात जी व्यवस्था असेल ती. दोन्हीकडे तक्रार करता येते. दोन्हीकडे लागतात तेच कागद: काय सांगितलं गेलं त्याचे ईमेल, किती जोखीम घेऊ शकता हे तुम्ही भरून दिलेल्या फॉर्मची प्रत, सौद्यांच्या तारखा. फोनवर मिळालेल्या सल्ल्यानंतर त्याच दिवशी ‘आज आपलं असं बोलणं झालं’ म्हणून दोन ओळी पाठवून ठेवल्या असतील तर त्याही.