गाड्या चार्जिंगला लागल्या की ऑफिसचा मेन ब्रेकर ट्रिप होतो: माझा अनुभव

सकाळी सगळे एकदम गाड्या लावायचे आणि थोड्या वेळात मेन ब्रेकर ट्रिप. वेळा वाटून दिल्या, एक चार्जर बदलला, फरक शून्य. फार वैताग आला. मोठा ब्रेकर मात्र बसवू नका. केबल तीच राहिली तर ती तापते.

गाड्या लागलेल्या असतानाच इलेक्ट्रिशियनने क्लॅम्प मीटरने तिन्ही फेज मोजले. ३२ अँपिअरचे सगळे सिंगल फेज चार्जर एकाच फेजवर! सप्लाय बंद करून ते तिन्ही फेजवर वाटले. मग मेन इनकमरवर (ऑफिसात येणारी मुख्य लाइन) सीटी, म्हणजे करंट मोजणारे सेन्सर, बसवून ते लोड मॅनेजमेंटला (एकूण लोड मर्यादेत राहील असं चार्जिंग कमी-जास्त करणारी यंत्रणा) जोडले, मर्यादा ब्रेकरच्या क्षमतेच्या ८० टक्के. गाडीला किमान ६ अँपिअर लागतात, त्याखाली चार्जिंग थांबतं. म्हणून जास्तीच्या गाड्या आपोआप रांगेत. शेवटी एसी चालू ठेवून सगळे पॉइंट एकदम लावले. ब्रेकर टिकला.