मूळ संचात, पण मंचावर उणीदुणी निघू नयेत म्हणून

‘मूळ संचात’ हे दोन शब्द जाहिरातीत आले की तिकीटखिडकीवर गर्दी होते. नाटकवाल्यांना हे जुनंच ठाऊक आहे. आता एकेकाळचे गाजलेले वाद्यवृंद आणि गायकांचे गटही त्याच वाटेनं निघालेत. अडचण एवढीच की गट फुटला तेव्हाचं भांडण मिटलेलं नसतं, फक्त भेटीगाठी थांबलेल्या असतात. पुढचं सगळं आयोजक, संगीत संयोजक आणि विंगेत उभं राहणाऱ्या मंच व्यवस्थापकासाठी आहे. गायकांची मनं जुळवणं तुमच्या हातात नाही. मंचावर कुठलीही गोष्ट अधांतरी न सोडणं मात्र आहे, आणि भांडण नेमकं तिथंच उफाळतं.

अमेरिकेतला एक प्रसंग नमुना म्हणून घ्या. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या पंचविशीचा कार्यक्रम २५ मार्च १९८३ रोजी कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना सिव्हिक ऑडिटोरियममध्ये टीव्हीसाठी मुद्रित झाला. शेवटी ‘द सुप्रीम्स’ या कंपनीच्या गाजलेल्या गायिकांच्या गटातल्या तिघी, डायना रॉस, मेरी विल्सन आणि सिंडी बर्डसाँग, एकत्र गाणार होत्या. रॉस यांना गट सोडून तेरा वर्षं झाली होती. गाणं निवडलं ‘समडे वी’ल बी टुगेदर’, म्हणजे ‘कधीतरी आपण एकत्र असू’. नाव प्रसंगाला साजेसं, पण १९६९च्या मूळ रेकॉर्डवर विल्सन आणि बर्डसाँग यांचा आवाजच नाही. साथीला स्टुडिओतल्या दुसऱ्याच गायिका होत्या. म्हणजे पुनर्मीलनाचं गाणंच असं, की त्यात दोघींचा वाटा कधी नव्हता. रॉस पुढं सरकल्या, या दोघीही सरकल्या, आणि भर मंचावर रॉस यांनी विल्सन यांना ढकललं. पुढं विल्सन यांनी कंपनीचे संस्थापक बेरी गॉर्डी यांना माइकवरून वर बोलावलं, तेव्हा रॉस यांनी त्यांचा माइक खाली दाबला. मे महिन्यात एनबीसी या वाहिनीवर कार्यक्रम दिसला तेव्हा ती ढकलाढकली कापलेली होती. तरी बोभाटा झालाच. आज तर प्रेक्षागृहात हजार मोबाइल असतात, कापायचं काय?

यात स्वभावाचा भाग असेल, पण आयोजकानं बघायच्या गोष्टी तीन: कोणतं गाणं, कोण कुठं उभं, बोलायचं कोणी. तिन्ही आधी ठरवता येतात.

नाव आणि पैसा, तालमीच्या आधी

पहिल्या बैठकीत गाण्यांची यादी काढू नका. आधी जाहिरातीतल्या नावांचा क्रम, अक्षरांचा आकार आणि फोटोतली जागा कागदावर आणा. सुप्रीम्सचं नाव १९६७ साली ‘डायना रॉस अँड द सुप्रीम्स’ झालं, त्याच वर्षी मूळच्या तिघींपैकी फ्लॉरेन्स बॅलर्ड यांना बाहेर जावं लागलं आणि त्यांच्या जागी बर्डसाँग आल्या. ती ठसठस पुढं कायम राहिली. आपल्याकडं सोपा उपाय म्हणजे गटाचं नाव मोठं आणि खाली सगळ्यांची नावं एकाच आकारात, आडनावाच्या अकारविल्हे. मंडळाच्या फ्लेक्सवर, बुकमायशोच्या पानावर आणि वर्तमानपत्रात क्रम एकच हवा. फ्लेक्स छापणाऱ्याकडून ‘जागा बसत नव्हती’ म्हणून एक नाव बारीक झालं, तर तो दोष तुमचाच धरला जातो.

मानधनाचे दोन भाग करा. एकत्र गाण्याचं सगळ्यांना सारखं. एकल गाणी, जास्तीची भाषणं, प्रसिद्धीच्या मुलाखती यांचं वेगळं, आणि हे दर सगळ्यांना माहीत असलेले. एकाला दिलेला आकडा दुसऱ्यापासून लपून राहत नाही, साथीदारांतून तो दोन दिवसांत फिरतो. सन २०००च्या उन्हाळ्यात रॉस यांनी सुप्रीम्सच्या नावानं दौरा काढला, तेव्हा विल्सन यांच्यापुढं ठेवलेला आकडा रॉस यांच्या आकड्याच्या कितीतरी खाली असल्याची उघड चर्चा झाली. विल्सन आणि बर्डसाँग आल्या नाहीत. त्यांच्या जागी आलेल्या दोघी गटाच्या सत्तरच्या दशकातल्या गायिका होत्या, त्या रॉस यांच्यासोबत गटात कधी गायल्याच नव्हत्या. तिकिटं खपेनात आणि दौरा जुलैतच गुंडाळला गेला. ‘ईगल्स’ हा अमेरिकी रॉक गट १९९४ मध्ये पुन्हा उभा राहिला, पण पैशांच्या वाट्याच्या वादातून गिटारवादक डॉन फेल्डर यांना २००१ मध्ये काढून टाकलं आणि प्रकरण कोर्टात गेलं.

निम्मं मानधन करारावर सही होताच आणि उरलेलं प्रयोगाच्या आदल्या दिवशी, सगळ्यांच्या खात्यात एकाच वेळी जमा करा. मध्यंतरात पाकिटं वाटू नका. गीत-संगीताच्या जाहीर सादरीकरणाचा आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा) परवाना आयोजकानं काढायचा. तो कुठल्या गायकाच्या नावावर टाकू नका, नाहीतर ‘गाणी कुणाची’ हा जुना विषय परत निघतो.

यादी आणि ओळींचा हिशेब

दोन तासांच्या कार्यक्रमात एकत्र गाणी आठ ते दहा पुरेत. उरलेला वेळ एकल गाणी, निवेदन आणि वाद्यांना द्या. एकत्र गाण्यांत फक्त ती घ्या ज्यांच्या मूळ ध्वनिमुद्रणात सगळे आहेत. एखाद्या गायकाच्या गैरहजेरीत गाजलेलं गाणं त्याला कोरसमध्ये उभं करून गाऊ नका; ते एकल भागात घाला.

मग वहीत रकाने पाडा. प्रत्येक गाण्याची ओळ न् ओळ लिहून पुढं मुख्य आवाज कोणाचा ते भरा आणि शेवटी बेरीज करा. समजा साठ ओळींत एकीच्या अडतीस आणि दुसरीच्या सात आल्या, तर तालमीच्या तिसऱ्या दिवशी सातवाली ‘घसा बसलाय’ म्हणेल. अगदी समान करू नका, कारण प्रेक्षक मूळ आवाज ऐकायला आलेत. पण ज्यांचा वाटा कमी आहे त्यांना किमान एक अंतरा पूर्ण द्या आणि तो कार्यक्रमाच्या पहिल्या अर्ध्या तासात असू द्या.

वाद्यमेळ किती मोठा हेही आधीच ठरवा. सायमन आणि गारफंकल ही अमेरिकी गायकांची फुटलेली जोडी. ते न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात १९ सप्टेंबर १९८१ रोजी एकत्र आले, त्याआधी तालमींत मतभेद यावरूनच होते: गारफंकल यांना दोन आवाज आणि गिटार हवी होती, सायमन यांना ब्राससकट (ट्रम्पेटसारख्या पितळी फुंकवाद्यांसकट) मोठा वाद्यमेळ. मोठा मेळ आला. अशा वेळी दोन-तीन गाणी कमी वाद्यांवर ठेवली तर दोघांचंही थोडं राहतं.

पट्टी

सगळ्यात नाजूक जागा हीच. पंचवीस वर्षांत आवाज उतरतो, ही शरमेची गोष्ट नाही. पण तालमीत सगळ्यांसमोर ‘ताई, हे जरा खाली घेऊया का?’ असं विचारलं की संपलं. संयोजकानं प्रत्येकाला आधी वेगवेगळं, पाऊण तास, नुसत्या पेटीवर ऐकावं. वरचा सूर किती वेळा न ताणता लागतो ते लिहून घ्यावं. नंतर अख्ख्या यादीची पट्टी एकदम, सगळ्यांसाठी जाहीर करावी: ‘सगळी गाणी दोन सूर खाली.’

इथं तांत्रिक खोच आहे. मूळ गाणं काळी चारला असेल आणि ते काळी तीनला आणलं, तर मुख्य आवाज सुखावतो, पण खालची हार्मनी (मुख्य चालीच्या जोडीनं वेगळ्या सुरात गायची ओळ) गाणारीचा मंद्रातला सूर आता हवेत विरतो. माइकवर नुसता श्वास येतो. तिला वाटतं आपल्याला मुद्दाम गाडलं. म्हणून पट्टी बदलली की हार्मनी पुन्हा बांधा: खालची ओळ शक्य तिथं मुख्य सुराच्या वर तिसऱ्या सुरावर न्या, नाहीतर तेवढ्या जागी सगळ्यांना एका सुरात गाऊ द्या. तीन सूर खाली, म्हणजे पांढरी चारला, शक्यतो जाऊ नका. गाण्याची चमक जाते आणि प्रेक्षकांच्याही लक्षात येतं.

तालमी तीन आठवडे, आठवड्याला तीन. जागा तटस्थ हवी. कुणाच्या घरी नाही, कुणाच्या गाण्याच्या क्लासवरही नाही. पहिली तालीम दीड तास, चार गाणी, तीही सगळ्यांना बिनघोर येणारी. नातेवाईक, जुने चाहते, मोबाइल बाहेर. जुने किस्से निघाले तर चहा मागवा, पण पुढच्या गाण्याचा सूर आधी लावून ठेवा.

मंच, माइक, बोलणं

एकत्र गाण्यांना स्टँडवरचे माइक द्या, हातातले नकोत. सगळे एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे. बिनतारी माइक हातात असला की माणूस चालू लागतो, आणि एक पुढं गेला की बाकीचे मागं राहत नाहीत. मंचाच्या कडेपासून पाच फुटांवर रंगीत टेपनं खुणा करा, दोन खुणांत चार फूट. प्रकाशयोजनाकाराला सांगून लाइट त्या ओळीपुरताच बांधून घ्या: जो पुढं जाईल तो अंधारात जाईल. हा उपाय कुणाला बोलून दाखवू नका.

प्रत्येकाला स्वतंत्र मॉनिटर (गायकाला स्वतःला ऐकू यावं म्हणून मंचावर ठेवलेला स्पीकर) हवा, त्यात त्याचाच आवाज सर्वांत वर. दोघांत एक मॉनिटर दिला की ‘मला ऐकूच येत नव्हतं’ सुरू होतं. कारण असतं वायरिंग, पण आरोप माणसावर होतो. ध्वनिसंयोजक कुणाही एकाचा नेहमीचा माणूस नसावा. साऊंड चेकनंतर फेडरच्या (मिक्सरवर आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्ट्यांच्या) जागा टेपवर पेननं आखून ठेवा. काहीही झालं तरी कुणाचा माइक बंद करायचा नाही. मॉनिटरमध्ये त्याला ते लगेच कळतं, आणि मग तो माइकशिवाय बोलतो.

एंट्री सगळ्यांची एकदम, अंधारात, गाण्याच्या पहिल्या सुरावर उजेड. एकेकाला टाळ्यांवर बोलावलं की टाळ्या मोजल्या जातात. बोलण्याचा ताबा निवेदकाकडं. गायकांना प्रत्येकी पाऊण मिनिट, मजकूर लिहून वाचलेला. कोणाचे आभार, कोणाला मंचावर बोलवायचं, याची यादी एकच आणि ती निवेदकाच्या हातात. गटातलं कोणी हयात नसेल तर त्याच्याबद्दल एकानंच बोलायचं, घरच्यांना विचारून. पाहुण्यांना समारोपाच्या गाण्यात वर घेऊ नका. गर्दीत कोण कुणाला कोपर मारतंय ते आवरता येत नाही.

बिनसलंच तर

३१ जुलै १९८० रोजी कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला ईगल्सचे ग्लेन फ्राय आणि फेल्डर गाणी चालू असतानाच, किती गाणी उरली ते मोजत, एकमेकांना नंतर बघून घेण्याच्या धमक्या देत होते. प्रयोग पूर्ण झाला, गट फुटला. अशी कुजबुज मॉनिटरच्या टेबलावर सगळ्यात आधी ऐकू येते. तिथल्या माणसाला सांगून ठेवा की विंगेतल्या व्यवस्थापकाला हेडसेटवर फक्त गाण्याचा क्रमांक सांग. लगेच पुढचं एकत्र गाणं काढून एकल गाणं घ्या. त्यासाठी दोन एकल गाणी तालीम करून राखीव ठेवलेली हवीत.

कोणी दुसऱ्याची ओळ गायलं तर ज्याची ओळ आहे त्यानं थांबून पुढची ओळ घ्यावी, हे आधीच सगळ्यांना सांगा. कोणी मंच सोडून गेलं तर वादकांनी चालू ठेक्यावर ध्रुवपदाची चाल वाजवत राहायचं, निवेदकानं चौथ्या आवर्तनाला आत यायचं. पडदा टाकायचा नाही. अमेरिकेतल्या एव्हर्ली बंधू या गायक जोडीपैकी फिल १४ जुलै १९७३ रोजी कॅलिफोर्नियात गिटार आपटून निघून गेले, तेव्हा डॉन यांनी उरलेला कार्यक्रम एकट्यानं गायला. दोघं पुन्हा एकत्र आले ते दहा वर्षांनी, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये.

वन्स मोअर कोणत्या गाण्याला घ्यायचा तेही आधी ठरवा, एकच. ‘लवकरच पुन्हा भेटू’ असं मंचावरून कुणालाही म्हणू देऊ नका. पुढच्या प्रयोगाचा विषय त्या रात्री जेवणावरही नको. गाड्या वेगवेगळ्या, वीस मिनिटांच्या अंतरानं, आणि ग्रीनरूमच्या किल्ल्या व्यवस्थापकानं स्वतः परत घ्यायच्या.