गाळलेलं पाणी आधी उजेडात धरा

नवी मुंबईतल्या महापेच्या एका लॅबमध्ये मी चौदा वर्षं कॅटॅलिस्ट, म्हणजे अभिक्रियेला वेग देणारे पदार्थ, बनवते आहे. एम.एस्सी. करून नव्याने येणाऱ्या मुलामुलींना पहिल्या आठवड्यात मी जे शिकवते, तेच इथे लिहिते आहे: घन कॅटॅलिस्ट कसा बनवायचा, आणि त्यातला धातू विरघळून द्रावणात तर उतरत नाही ना, हे कसं तपासायचं.

बेन्झीनचं अ‍ॅनिलीन करायला कारखान्यात आधी नायट्रेशन (नायट्रो गट जोडणं) होतं, मग हायड्रोजनेशन (हायड्रोजनने त्याचा अमिनो गट करणं). थेट अमोनिया जोडायला जावं तर रासायनिक समतोल आडवा येतो, अ‍ॅनिलीन फारच थोडं बनतं. ड्यूपाँटने 1970 च्या दशकात निकेल ऑक्साइड लावून पाहिलं, म्हणजे सुटणारा हायड्रोजन त्यातलाच ऑक्सिजन खेचून घेईल. तरी त्याला प्रचंड दाब आणि तापमान लागतं. लॅबमध्ये आपण अमोनियाऐवजी हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइड घेतो आणि अ‍ॅसेटिक आम्ल-पाण्यात, 70-80 अंशांवर, अ‍ॅल्युमिनावर (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या सच्छिद्र पुडीवर) बसवलेल्या व्हॅनेडियम या धातूकडून काम करून घेतो.

अ‍ॅल्युमिना आदल्या रात्री ओव्हनमध्ये 120 अंशांवर ठेवा. आपल्याकडच्या जुलैत उघडी बरणी हवेतलं पाणी पिऊन बसते आणि मग सगळी मापं चुकतात. सकाळी एक ग्रॅम घेऊन ब्युरेटने थेंब थेंब पाणी सोडा, काचेच्या कांडीने हलवत राहा. पूड कोरडी दिसते, दिसते, आणि एका थेंबाला अचानक कांडीला चिकटते. तिथे थांबा. समजा 0.6 मिली लागलं, तर 10 ग्रॅमला द्रावण 6 मिलीच करायचं.

या 10 ग्रॅमवर पाच टक्के व्हॅनेडियमसाठी 1.15 ग्रॅम अमोनियम मेटाव्हॅनेडेट घ्या. ते नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून 2.5 ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल घालून कोमट करा. कार्बन डायऑक्साइडचा फेस येतो, तेव्हा बीकर मोठा घ्या. पिवळा रंग हिरव्यावर जातो आणि शेवटी गडद निळा होतो. हा निळा डोळ्यात साठवून ठेवा. द्रावण पुडीत मुरवा, 110 अंशांवर सुकवा, मफल भट्टीत 450 अंशांवर चार तास भाजा.

या पुडीवरची बेन्झीनची अभिक्रिया फ्युम हूडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) करा. बेन्झीनने कॅन्सर होतो. हायड्रॉक्सिलअमाइन असलेलं द्रावण कधीही आटवून कोरडं करू नका, स्फोट होऊ शकतो.

आता मुख्य गोष्ट. माझ्या पहिल्या बॅचेसचं उत्पन्न उत्तम आलं होतं आणि अभिक्रियेनंतर पूड गाळून उरलेलं पाणी मी तसंच टाकून देत होते. एकदा ट्यूबलाइटसमोर धरलं, तर त्यात फिकट निळसर झाक! व्हॅनेडियम आम्लात उतरला होता. विरघळलेला व्हॅनेडेटही हीच अभिक्रिया घडवतो, म्हणजे दोन महिने मी घन कॅटॅलिस्टच्या नावावर दुसऱ्याचंच काम मोजत होते. फार वाईट वाटलं.

म्हणून अभिक्रियेच्या अर्ध्या वेळात, गरम असतानाच पूड गाळून काढा. थंड केलंत तर उतरलेला धातू परत पुडीवर बसून फसवतो. फनेल आधी तापवून घ्या, व्हॅक्युम लावू नका, नाहीतर बेन्झीन उडून जातं. तेच गाळण पुन्हा त्याच तापमानावर चालू ठेवा. नमुना अल्कलीने बेसिक करून मगच टोल्युइनमध्ये ओढा, कारण आम्लात अ‍ॅनिलीन क्षाराच्या रूपात पाण्यातच राहतं. जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफवर) अ‍ॅनिलीन वाढतच राहिलं, तर काम पाण्यातला व्हॅनेडियम करतोय. वाढ थांबली तरी गाळण आयसीपीला (विरघळलेला धातू मोजणाऱ्या चाचणीला) पाठवा, आणि प्रत्येक फेरीची बाटली तारीख घालून, झाकण सैल ठेवून (उरलेल्या हायड्रॉक्सिलअमाइनमधून वायू सुटू शकतो), हूडमध्येच ठेवा.