बाळाला पुस्तक वाचून दाखवताना या चुका टाळा

बारशाच्या भेटींत हल्ली आमच्या बेळगावात एखादं पुस्तक निघतंच. बहुतेक इंग्रजी अक्षरांचं, एकेका पानावर पंधरा-वीस चित्रं कोंबलेलं. ते तसंच काचेच्या कपाटात जातं. "जरा मोठा झाला की देऊ की!" तिथूनच बिघडायला लागतं.

पुस्तक जपणं ही सगळ्यात मोठी चूक. खानापूरला नात्यातल्या एका घरी सात-आठ महिन्यांच्या पोरीनं पुस्तक तोंडात घातलं. आजोबांनी ते ओढून घेतलं, धोतराला पुसून कपाळाला लावलं आणि तिच्या हातात खुळखुळा दिला. पाय लागला तर पोरीचेच हात जोडून पुस्तकाला नमस्कार. हे रोजचं. शेवटी पुस्तक दिसलं की पोर भोकाड पसरायची आणि आई मला सांगायची, "हिला पुस्तकाची आवडच नाही हो." येणार कुठून? या वयात पोर प्रत्येक वस्तू तोंडानंच तपासते. मी जाड पुठ्ठ्याचं एक पुस्तक नेलं आणि म्हटलं, "अण्णा, यात सरस्वती नाही, नुसती बदकं आहेत. चावू दे." अण्णांना हे पटायला वेळ लागला; पोरीला नाही.

पहिलं पुस्तक असंच घ्या. पुठ्ठा जाड, कोपरे गोल, पानावर एकच मोठं चित्र. पिना मारलेलं नको. मी दुकानातच नखानं कोपरा खरवडून बघते. पापुद्रा सुटला तर परत, कारण तोच तुकडा उद्या घशात जायचा. दुकानदार वैतागतो, वैतागू दे. घरी पुस्तकं जमिनीवर टोपलीत ठेवायची, लाळ ओल्या फडक्यानं पुसायची. अशी पुस्तकं मराठीत कमीच मिळतात. हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगावला साहित्य संमेलनं भरतात, तिथल्या पुस्तकांच्या स्टॉलवर विचारा.

दुसरी चूक खास आपल्या सीमाभागातली. शहापुरातलं एक घर: आई मराठी, वडिलांची आई कन्नड. कुणीतरी सांगितलं की दोन भाषांनी पोर गोंधळतं, उशिरा बोलतं. झालं, आज्जीला गप्प बसवलं आणि वडील संध्याकाळी अडखळत इंग्रजी वाचू लागले, बातम्या दिल्यासारखे. पोर रांगत निघून जायचं. दोन-तीन भाषा कानावर पडल्यानं बाळाचं बोलणं अडत नाही. एका वाक्यात दोन्हीकडचे शब्द आले तरी तो दोष नव्हे. मी पुस्तक आज्जीच्या मांडीवर ठेवलं. तिला मराठी अक्षरं वाचता येत नाहीत, पण "इल्लि नोड" (इकडे बघ) म्हणत तिनं चित्रावर बोट ठेवलं आणि पोर वळलं. बाळाला ओळी लागत नाहीत, ओळखीचा आवाज लागतो. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी आणि कन्नड दोन्हींत गोष्टी फुकट आहेत. त्या स्वतः वाचून घ्या आणि तोंडी सांगा, मोबाइल बाळापुढे धरू नका. दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते.

बाकीच्या चुका किरकोळ, पण घरोघरी दिसतात. "हे काय? सांग, सांग!" अशी परीक्षा घेऊ नका; नाव तुम्हीच सांगा, जरा थांबा, बाळ "ऊं" म्हणालं तर तेच उत्तर धरा. नवजात बाळाला वीस ते तीस सेंटिमीटरवरचंच बरं दिसतं, म्हणून पुस्तक लांब धरू नका आणि ठळक काळं-पांढरं चित्र निवडा. पुस्तक संपवायचा हट्ट नको, दोन पानांत कंटाळलं तर बंद करा. भुकेलेल्या किंवा पेंगणाऱ्या बाळापुढे उघडूच नका. तेच पुस्तक रोज मागितलं तर तेच वाचा. कंटाळा तुम्हाला आलेला असतो. आठवड्यात फरक विचारणाऱ्या आईबापांना मी उत्तर देत नाही.

एका बाबतीत मात्र थांबू नका. सहा महिन्यांचं बाळ आवाजाच्या दिशेनं वळत नसेल, तर पुस्तकं बदलत बसण्यापेक्षा बालरोगतज्ज्ञांकडे नेऊन कान तपासून घ्या.