मालक म्हणतात ‘लाइन आहेच’: पुण्यातल्या भाड्याच्या घरात जुन्या फोन लाइनवर इंटरनेट घेण्याआधी

पुण्यात फ्लॅट दाखवताना मालक हमखास सांगतात, "फोनची लाइन आहेच, फक्त चालू करून घ्या." कोथरूड असो, सहकारनगर असो की पेठांतलं जुनं घर, दाराजवळच्या भिंतीवर ती पिवळी पडलेली डबी दिसतेच. नांदेड, अकोला, जळगावकडून नव्याने आलेल्या माणसाला वाटतं, इंटरनेटचा खर्च वाचला. पण डबी असणं, तार शाबूत असणं, टेलिफोन एक्स्चेंजपर्यंत दोन तारांची जोडी जिवंत असणं आणि नंबर कुणाच्या तरी नावावर चालू असणं, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातलं काय उरलंय, त्यावर खर्च ठरतो.

आधी नंबर विचारा. पुण्यातली जुनी घरगुती लाइन बहुतेक बीएसएनएलची असते. एमटीएनएल मुंबई-दिल्लीपुरतं, त्यामुळे मुंबईहून आलेल्यांनी ते नाव इथे शोधू नये. ०२० नंतरचा नंबर आठ आकडी आणि २ ने सुरू होणारा असतो. मालकांकडून शेवटचं बिल मागा. नंबर नुसता आठवणीतला असेल आणि बिल कुठेच सापडत नसेल, तर तो कायमचा बंद झालाय असं धरून चाला. बिलावर खाते क्रमांक असतो. तो घेऊन ग्राहक सेवा केंद्रात गेलात की तीन गोष्टी कळतात: थकबाकी किती, नंबर तात्पुरता तोडलाय की कायमचा बंद केलाय, आणि अनामत रक्कम जमा आहे का.

खरा खर्च इथेच लपलेला असतो. पुन्हा जोडण्याचं शुल्क किरकोळ असतं, थकबाकी मात्र किरकोळ नसते. आधीच्या भाडेकरूने बुडवलेलं बिल नंबरावर चढलेलं असतं आणि ते फेडल्याशिवाय तोच नंबर परत मिळत नाही. ते फेडणं मालकाचं काम आहे, तुमचं नाही. भाडेकरार करण्याआधी हे बोलून घ्या. नंतर बोललं की वाद होतो. दुसरी अडचण नावाची. नंबर मालकाच्या वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर आधी मृत्यू दाखला, इतर वारसांची ना-हरकत आणि ओळखपत्र देऊन नाव बदलावं लागतं. अकरा महिन्यांच्या भाडेकरूने या फंदात पडण्यात अर्थ नाही.

आता तार. दहा-बारा वर्षं बंद असलेल्या लाइनची जोडी एक्स्चेंजमध्ये बऱ्याचदा दुसऱ्या ग्राहकाला दिलेली असते, किंवा रस्ता खोदताना तुटून तशीच राहिलेली असते. साधा मल्टिमीटर डबीतल्या दोन तारांना लावून पाहा, डीसी व्होल्टवर. फोन ठेवलेला असताना ४८ च्या आसपास दिसलं तर जोडी एक्स्चेंजपर्यंत जिवंत आहे. शून्य दिसलं तर कुठेतरी तुटलीय किंवा एक्स्चेंजमधला जम्पर, म्हणजे जोडणीची छोटी तार, काढलाय. २०-३० मध्ये हेलकावत असेल तर जोडात पाणी शिरलंय. उन्हाळ्यात चालणारी आणि जूनमध्ये खरखरणारी लाइन हीच असते. मोजताना उघड्या तारांना बोट लावू नका. नेमकी त्या वेळी रिंग आली तर सुमारे ७५ व्होल्ट एसीचा झटका बसतो. जिन्यातल्या डीपी बॉक्समध्ये, म्हणजे इमारतीतल्या सगळ्या जोड्या जिथे येतात त्या पेटीत, तर हातच घालू नका. तिथली एक जोडी हलली की शेजाऱ्याचा फोन बंद पडतो, आणि नवीन भाडेकरूची ओळख अशी होऊ नये.

जोडी जिवंत निघाली तरी तांब्याच्या तारेवर इंटरनेट किती मिळेल, हे अंतर ठरवतं. बीएसएनएलचं ब्रॉडबँड जानेवारी २००५ मध्ये सुरू झालं ते एडीएसएल तंत्रावर, म्हणजे फोनच्याच तांब्याच्या तारेवरून इंटरनेट. एक्स्चेंजपासून एक किलोमीटरच्या आत असाल तर २० एमबीपीएसच्या जवळपास जाता येतं, तीन किलोमीटरवर ८ च्या आसपास, पाचच्या पुढे नाव न काढलेलं बरं. अंतर केबलच्या वाटेने मोजायचं, नकाशावरच्या सरळ रेषेने नाही. केबल गल्लीबोळातून फिरून येते. मॉडेमच्या सेटिंगच्या पानावर अ‍ॅटेन्युएशन (वाटेत होणारी सिग्नलची घट) ४० डीबीपेक्षा जास्त आणि एसएनआर मार्जिन (खरखरीच्या वर सिग्नलला उरलेली जागा) ६ डीबीच्या खाली दिसलं, तर दिवसातून दहा वेळा डीएसएलचा दिवा लुकलुकणार हे नक्की.

तरीही तांब्यावरच घ्यायचं असेल तर घरातलं काम नीट करा. डबीनंतर सगळ्यात आधी स्प्लिटर, म्हणजे आवाज आणि इंटरनेट वेगळं करणारी डबी, मग फोन आणि मॉडेम. मध्ये एखादा जुना एक्स्टेंशन फोन स्प्लिटरशिवाय जोडलेला राहिला की रिंग वाजताच नेट तुटतं. बेडरूममधली न वापरलेली एक्स्टेंशनची तार सोडवून टाका, ती नुसती खरखर गोळा करते. चपटी वायर दोन मीटरपेक्षा लांब नको. पुढे पीळ दिलेली जोडीची तार घ्या. स्प्लिटर, तार, डबी हे सगळं बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळतं आणि मॉडेमसकट साधारण दोन हजारांत भागतं. नव्या मॉडेमवर याहून जास्त घालवू नका. तांब्याचं जाळं ठिकठिकाणी बंद होऊन ग्राहक फायबरवर, म्हणजे प्रकाशावर चालणाऱ्या काचेच्या तारेवर, नेले जाताहेत, आणि हा मॉडेम फायबरला लागत नाही.

म्हणून आमचा सल्ला सरळ आहे: जुन्या लाइनीतून नंबर वाचवता आला तर वाचवा, आणि वायर ओढायचा पाइप वापरा. बाकी फायबर घ्या. मालकाला नंबर प्रिय असेल तर तोच नंबर फायबरवर हलवून मिळतो का ते एक्स्चेंजमध्ये विचारा. अर्ज मालकाच्या सहीने होतो. नंबराशी देणंघेणं नसेल तर स्वतःच्या नावावर नवीन जोडणी घ्या. त्यासाठी भाडेकरार, आधारसारखं ओळखपत्र आणि बऱ्याचदा सोसायटीची परवानगी लागते. बिल तुमचं, जबाबदारीही तुमची.

फायबरचा हिशेब करताना जाहिरातीतल्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी धरा. ४९९ चा प्लॅन म्हणजे ५८८ रुपये ८२ पैसे. पहिल्या बिलात उरलेल्या दिवसांचं भाडं, पुढच्या महिन्याची आगाऊ रक्कम आणि जोडणीचं शुल्क एकत्र येऊ शकतं, त्यामुळे ते बघून दचकू नका. मात्र प्रत्येक ओळ वाचा. ओएनटी, म्हणजे फायबरचं यंत्र, विकत की भाड्याने, हे लेखी घ्या. विकत घ्यायचं झालं तर साध्याला हजार-दीड हजार, ड्युअल बँडला त्याच्या दुप्पट धरा. सुरुवातीची सवलत किती महिन्यांची आणि डेटा संपल्यावर वेग किती उरतो, हेही तेव्हाच विचारा.

बसवायला आलेल्या माणसाकडून दोन गोष्टी करून घ्या. ओएनटीवर येणारी प्रकाशशक्ती मोजून दाखवायला सांगा. उणे १५ ते उणे २४ डीबीएम ठीक, उणे २७ च्या पलीकडे गेली तर लाल दिवा लागलाच समजा; कारण बहुतेक वेळा जोराने वाकवलेली वायर किंवा धुळीचा कनेक्टर असतो. दुसरं, हिरवा कनेक्टर हिरव्यातच बसवायचा. निळ्यात घुसवला तर बसल्यासारखा दिसतो आणि शक्ती गळते.

तांब्याच्या फोनला वीज एक्स्चेंजमधून मिळायची, त्यामुळे दिवे गेले तरी फोन चालायचा. ओएनटीवरचा फोन घरच्या विजेवर चालतो. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याची रीत आहे, तेव्हा घरी वयस्कर माणसं असतील तर १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस घ्या, साधारण दीड हजारांचा. अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर आधी वाचा.

तक्रार केली की डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, घ्या. आठवडाभर हालचाल नसेल तर त्याच क्रमांकावर अपील करता येतं, आणि त्यानंतर केंद्र सरकारचं सीपीग्राम्स हे तक्रारींचं पोर्टल आहे. तोंडी तक्रारीला कुठेच क्रमांक नसतो.

घर सोडताना भाड्याने आणलेला ओएनटी अडॅप्टरसकट परत करून पावती घ्या, जोडणी बंद करण्याचा अर्ज वेगळा द्या आणि त्याचीही पोच घ्या. नुसतं यंत्र काढून ठेवलं तर बिल चालूच राहतं.